आडव्या वाऱ्याचे मामा

निंबोल्यात आजवर विमान उतरलेलं नाही. उतरेल असंही नाही. सेस्ना 172 सारख्या चार माणसांच्या विमानालासुद्धा शेवटचं झाड ओलांडून थांबेपर्यंत साधारण चारशे मीटर सरळ, सपाट जागा लागते. तेवढ्या लांबीत विजेची तार, केळीची बाग किंवा कुणाच्या तरी लग्नाचा मांडव येणार नाही, अशी जागा आमच्या गावात नाही. तरीही उद्या वाट चुकून एखादं विमान आलंच, आणि त्यात वारा आडवा आणि झटक्यांचा असला, तर ते कसं उतरवायचं हे निंबोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. हे सगळं आमच्या मामांचं कर्तृत्व. मामींच्या मते पाप.

बऱ्हाणपूरहून अशीरगडाकडे निघालं की इंदूर–इच्छापूर रस्त्यावर निंबोला लागतं. घरात मराठी, मंडीत हिंदी, आणि भांडताना दोन्ही, असा आमचा रिवाज. मामा केळीवाले. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा, पायात बाटाची चप्पल. त्यांच्या वयाच्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, तिथे मामांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र असतं. मुठीत मावेल एवढं, वर छोटा पंखा. कोणी रामराम घातला की मामा आधी यंत्र वर धरतात, आकडा बघतात आणि मग रामराम परत करतात. गाव त्यांना ‘कॅप्टन’ म्हणतं. चेष्टेने सुरू झालेलं हे नाव मामांनी इतक्या गांभीर्याने स्वीकारलं की आता चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली आहे.

आयुष्यात जे कधी केलं नाही ते दुसऱ्याला शिकवणारी माणसं गावोगाव असतात. ओट्यावर बसून सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह सुधारणारे असतात, घरचं वीजबिल थकवून देशाचा अर्थसंकल्प मांडणारे असतात. ही माणसं सहन होतात, कारण त्यांचं चुकलेलं असतं आणि ते आपल्याला कळत असतं. मामांची अडचण अशी की त्यांचं बरोबर असतं. विमानविद्येबद्दल ते जे बोलतात ते पुस्तकात जसंच्या तसं सापडतं. मी तपासून पाहिलं आहे, आणि दरवेळी निराश झालो आहे.

या वेडाचं मूळ केळीत आहे. काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस एका संध्याकाळी वादळ आलं. मामांची मृगबाग तेव्हा ऐन भरात होती, घड पोसलेले, कटाई तोंडावर. पाऊण तासात बाग जमिनीला टेकली. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, आत लाकूड नाही. वर पंचवीस किलोचा घड लोंबत असताना आडवा झटका बसला की ते कमरेत मोडतं. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, रावेरकडे, केळीला हवामानावर आधारलेला पीक विमा आहे. त्यात उन्हाळी महिन्यांत वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर गेल्याची नोंद हवामान केंद्रात झाली की भरपाईचा हिशेब सुरू होतो. आमच्या बाजूचे शेतकरी कितीतरी वर्षं तीच मागणी करत आले आहेत. पंचनाम्याला आलेल्या माणसाने मामांना विचारलं, “वारा किती होता?” मामा म्हणाले, “खूप.” तो म्हणाला, “खूप म्हणजे किती?” मामांना सांगता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मामांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बऱ्हाणपूरला गेले, कोणाकडून तरी ते यंत्र मागवलं आणि तेव्हापासून वारा मोजू लागले.

नुसतं मोजून मामांचं समाधान झालं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याच सुमारास माझी धाकटी बहीण, म्हणजे छोटी, वैमानिक व्हायचं म्हणून जळगावला गेली. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-शाळांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले होते, बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी. त्यामुळे जे शिकायला पूर्वी पोरं रायबरेलीकडे फुरसतगंजला नाहीतर परदेशात जात, ते जळगावजवळ कुसुंब्याला, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आलं. घरात आजीचा विरोध होता. पोरीच्या जातीने विमान चालवायचं म्हणजे काय, आणि चालवलंच तर स्वयंपाक कधी करायचा, असा तिचा दुहेरी प्रश्न होता. मामांनी तिच्यापुढे सौदामिनी देशमुखांचं नाव टाकलं. 1985 मध्ये कलकत्ता–सिलचर मार्गावर फोकर विमान फक्त स्त्री वैमानिकांनी नेलं, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनीबाई. आजीने विचारलं, “देशमुख म्हणजे कुठले?” तिथून पुढे विरोध मावळत गेला.

व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्याचा खर्च ऐकून घरच्यांना जमिनीवर बसल्या बसल्याच चक्कर आली. मामांनी आपल्या वाटणीतला रस्त्याकडचा तुकडा विकून निम्मा भार उचलला. त्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. छोटीची वाचून झालेली पुस्तकं. पुस्तकं आली, आणि निंबोल्याची शांतता संपली.

सगळ्यात आधी घराच्या गच्चीवर विंडसॉक उभा राहिला. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी ती लांबट पिशवी असते तीच. विकत घ्यायची गरजच नव्हती. केळीच्या घडाला डागांपासून वाचवायला आम्ही स्कर्टिंग बॅग चढवतो, दोन्ही तोंडांनी उघडी, पातळ कापडाची नळी. मामांनी तिचं एक तोंड तारेच्या कडीत शिवलं, दुसरं चुणून अरुंद केलं, मामींच्या जुन्या लुगड्याच्या केशरी पट्ट्या वर जोडल्या आणि पाण्याच्या टाकीजवळ पाइपवर चढवलं. खरा विंडसॉक 15 नॉटला, म्हणजे ताशी 28 किलोमीटरला, पूर्ण ताठ होतो. मामांचा 11 लाच होतो, कापड हलकं म्हणून. त्यासाठी त्यांनी खाली भिंतीवर दुरुस्तीचं कोष्टक रंगवून घेतलं आहे. या साऱ्या शास्त्राचा व्यवहारात उपयोग कोणी केला असेल तर तो मामींनी. पिशवी लोंबली की त्या पापड वाळत घालतात आणि उभी राहायला लागली की आवरतात. शेजारच्या बायकाही आता गच्चीकडे बघूनच कुरडयांचा घाट घालतात.

मग सुरू झाले सकाळचे फोन. पहाटे सहाला मामा गच्चीवर जाऊन छोटीला हवामान कळवत. “छोटी, ऐक. दोनशे चाळीस अंशांवरून बारा नॉट, झटके वीस. सांभाळून.” छोटी बिचारी “हो मामा” म्हणून फोन ठेवी. जळगाव आमच्या नैऋत्य-पश्चिमेला आहे आणि उन्हाळ्यात वारा येतो तो त्याच बाजूने. म्हणजे मामा जो वारा कळवत, तो तिच्या अंगावरून आदल्या रात्रीच निघून गेलेला असे. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग तिनेच मला कळवायला पाहिजे. केळी माझी आहे.”

मामांचा खरा वर्ग भरतो चहाच्या टपरीवर. विमानाच्या जागी टोस, वाऱ्याच्या जागी मामांची फुंकर. धावपट्टी म्हणजे टेबलावरची सनमायकाची फट. वर्गात केळीचे व्यापारी, ट्रकवाले, सूतगिरणीतून सुटून आलेला एक जण आणि शाळा बुडवलेली दोन पोरं. “समजा पट्टी पूर्व-पश्चिम आहे,” मामा सांगतात, “आणि वारा दक्षिणेकडून. तुम्ही नाक पट्टीवर धरून सरळ आलात तर काय होईल?” पोरं एका सुरात, “उत्तरेला शेतात जाईल!” “बरोबर. म्हणून काय करायचं? बऱ्हाणपूरला तापी ओलांडून झैनाबादेला जाणारा नावाडी काय करतो? नावेचं तोंड समोरच्या घाटावर नाही धरत, वरच्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते, जाते सरळ. तसं नाक वाऱ्यावर फिरवायचं आणि तिरकं तिरकं खाली यायचं. याला म्हणायचं खेकडा.” 65 नॉटने येणाऱ्या विमानावर 15 नॉटचा वारा काटकोनात असला तर नाक सुमारे 13 अंश वळवावं लागतं, हे ते टोस बरोबर तेवढा फिरवून दाखवतात.

“आता खेकड्याने जमिनीपर्यंत आलात. तसेच टेकलात तर?” इथे ते थांबतात. ट्रकवाले विडी थांबवतात. “चाकं एका दिशेला, विमान दुसऱ्या दिशेला. सगळा जोर चाकाच्या पायावर आडवा. पाय मुडपला तर पंख जमिनीला.” उपाय असा, की टेकण्याच्या आधीच्या काही क्षणांत पायाने रडर दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणायचं, आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा म्हणजे वारा विमानाला ढकलून नेणार नाही. हात एका बाजूला, पाय विरुद्ध बाजूला. आधी वाऱ्याकडचं मागचं चाक टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाचं. “एका चाकावर?” ट्रकवाला दरवेळी विचारतो. “एका चाकावर,” मामा दरवेळी अभिमानाने सांगतात, आपणच आजवर हजारदा उतरवल्याच्या थाटात. चाकं टेकली म्हणून काम संपत नाही. वेग उतरत जातो तसा हातातला झुकाव वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, नाहीतर वारा त्या बाजूचा पंख उचलतो, आणि पायाने नाक सरळ राखायचं, कारण विमानाच्या शेपटीचा उभा पडदा वाऱ्याला सापडला की नाक आपणहून वाऱ्याकडे वळतं. “हँगरात बांधेपर्यंत उडवत राहायचं,” हे त्यांचं भरतवाक्य. त्यानंतर ते विमान चहात बुडवून खातात.

वारा नुसता आडवा नसून झटक्यांचा असला तर धडा वाढतो. येण्याचा वेग वाढवायचा, पण किती? झटका आणि सरासरी यांतल्या फरकाचा निम्मा. वारा 14, झटके 22, फरक 8, म्हणून 4 नॉट जास्त. फ्लॅप पूर्ण न सोडता थोडे राखायचे, म्हणजे झटक्याने विमान उसळी घेत नाही. आणि आडवा भाग किती हे काढायला घड्याळ, अंशांना मिनिटं समजायचं. वारा आणि पट्टी यांच्यात 15 अंशांचा कोन असेल तर वाऱ्याचा पाव हिस्सा आडवा, 30 ला निम्मा, 45 ला पाऊण, 60 च्या पुढे सगळाच धरायचा. छोटीच्या वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं हे घोकत बसली होती म्हणे. मामा पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करून मोठे झालेले. त्यांना हे वाचून आपण जन्मतः वैमानिक असल्याची खात्री पटली.

‘वारा पाहून पाठ द्यावी’ या म्हणीवर मामांचा विशेष राग आहे. त्यांच्या मते विमानतळाच्या पाच कोसांत ही म्हण उच्चारायला बंदी पाहिजे. पाठीमागून वारा घेऊन उतरलं तर दर 2 नॉटला 10 टक्के जास्त जागा लागते, असं सेस्नाचं पुस्तकच सांगतं. शाळेतल्या मराठीच्या गुरुजींनी हे ऐकून घेतलं, म्हणीचा अर्थ वेगळा असतो म्हणून सांगितलं, आणि बदला घ्यायला शिवकर बापूजी तळपद्यांना मैदानात आणलं. राइट बंधूंच्या आधी, 1895 मध्ये, गिरगाव चौपाटीवर आपल्या मराठी माणसाने विमान उडवलं, तेव्हा कुठे होतं तुमचं सेस्नाचं पुस्तक? त्या गोष्टीला भरवशाचा पुरावा आजवर कोणी दिलेला नाही, हे मला माहीत होतं आणि गुरुजींनाही असावं. मामांनी त्या वादात पडायचं टाळलं. त्यांनी एवढंच विचारलं, “गुरुजी, चौपाटीवर त्या दिवशी वारा कुठून होता?” गुरुजी गप्प. “समुद्रावरून असणार. आणि चौपाटी कशी आहे? मग आडवा आला. उतरवलं कसं? रडर होता का?” गुरुजींनी त्यानंतर टपरी बदलली.

देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी जेआरडींचा फोटो आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, त्या तारखेला मामा नारळ फोडतात. मामी नारळाची चटणी करतात. एवढंच त्या दिवसाचं महत्त्व त्यांना आहे.

मामा स्वतः विमानात बसले ते एकदाच. एका लग्नासाठी जळगाव–पुणे. खिडकीजवळची जागा मिळाली, आणि पुण्यात उतरताना नेमका आडवा वारा. विमान तिरकं व्हायला लागलं तसे मामा मोठ्याने बोलू लागले. “खेकडा चांगला धरलाय… अजून नाही… अजून नाही… हां, आता लाथ घाल रडरला!” शेजारच्या गृहस्थांनी रामरक्षा सुरू केली. चाकं नीट टेकली. उतरताना दाराशी कॅप्टन उभे होते. मामांनी त्यांना सांगितलं, “छान. डावा पंख आणखी थोडा खाली चालला असता.” कॅप्टन म्हणाले, “थँक यू, सर.” मामांच्या सांगण्यात हे वाक्य आता ‘कॅप्टनने चूक कबूल केली’ असं झालं आहे.

इथवर मामा हे एक निरुपद्रवी प्रकरण वाटेल. पण मामांचा सगळ्यात आवडता धडा मी अजून सांगितलेला नाही, आणि त्यातच त्यांची खरी गंमत आहे. तो धडा गो-अराऊंडचा.

मोबाइलमध्ये त्यांनी एक चित्रफीत जपून ठेवली आहे. 1 मार्च 2008, जर्मनीतलं हॅम्बुर्ग, वादळी वारा. मोठं एअरबस विमान खेकड्याने खाली येतं, नाक सरळ होतं आणि त्याच क्षणी वारा त्याला एका कुशीवर कलंडवतो. डाव्या पंखाचं टोक पट्टीला घासतं. पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास “गेलं!” निघतं. पण विमान पुन्हा उचललं जातं, वर जातं, फेरी मारून येतं आणि दुसऱ्या पट्टीवर नीट उतरतं. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. मामा फीत थांबवून विचारतात, “ही माणसं कशाने वाचली?” मग स्वतःच उत्तर देतात. “लाज न बाळगल्याने. जमत नाही म्हटल्यावर पूर्ण पॉवर, वर, फिरून या. पेट्रोल जळेल, दहा मिनिटं जातील, प्रवासी कुरकुरतील. पण आता एवढं खाली आलोच आहोत तर टेकवूच, असं जो म्हणतो तो मरतो.” सेस्नाच्या पुस्तकातला 15 नॉटचा आकडा हाही त्यांच्या मते असाच समजून घ्यायचा. कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. ती सक्तीची मर्यादाही नव्हे आणि तुम्हाला दिलेलं आव्हानही नव्हे. मागे फिरण्यात कमीपणा नाही, हे मामांइतकं कळकळीने सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि मामांइतका मागे न फिरणारा माणूसही मी पाहिलेला नाही.

सेकंडहँड ट्रॅक्टर घ्यायचा ठरलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, इंजिन गेलेलं आहे. मामांनाही पहिल्याच स्टार्टला कळलं होतं. पण शब्द दिला होता. तो ट्रॅक्टर अजून गोठ्याशेजारी उभा आहे आणि कोंबड्या त्यावर झोपतात. सरपंचपदासाठी अर्ज भरल्यावर आपल्याला घरातलीही सगळी मतं पडणार नाहीत हे उघड दिसत होतं, अर्ज मागे घ्यायची मुदत होती, आणि मुदतीच्या दिवशी मामा मुद्दाम घोड्यावर बसून प्रचाराला निघाले. सत्यनारायणाच्या प्रसादाला साखर कमी पडल्याचं लक्षात आलं तरी ते “असाच असतो” म्हणतात. मोटारसायकलवर पुढचा ट्रक ओलांडायला निघाले की समोरून दुसरा ट्रक येताना दिसला तरी त्यांचा हात अॅक्सिलरेटरवरून उतरत नाही. मी मागे बसलेला असताना एकदा त्यांना आठवण करून दिली, “मामा, गो-अराऊंड!” ते म्हणाले, “ते विमानात. इथे मागून येणारे बघतायत.” मामींनी या विषयावर एकच वाक्य बोलून ठेवलं आहे. “यांच्या घरात आडवा वारा एकच आहे आणि तो दोन वेळा जेवतो.”

गेल्या उन्हाळ्यात छोटीचं उड्डाण बघायला सगळं कुटुंब बोलेरोतून कुसुंब्याला गेलं. आत जाता येत नाही, म्हणून कुंपणाबाहेर एका शेताच्या बांधावर उभे राहिलो. आजीला खुर्ची, मामींजवळ दशम्यांचा डबा. जळगावची पट्टी पूर्व-पश्चिम आहे. पट्ट्या बांधतानाच वर्षातला बहुतेक वारा समोरून मिळेल अशा आखतात, 95 टक्के वेळ तरी छोट्या विमानांना आडव्या वाऱ्याने अडू नये हा त्यामागचा जागतिक दंडक. मामांना ते पसंत नव्हतं. “सगळा वारा तोंडावर. पोरगी शिकणार काय?” पण त्या दिवशी वाऱ्याने मामांचं ऐकलं. दहाच्या पुढे ऊन तापलं तसा तो नैऋत्येला सरकला आणि धुळीचे लोट उठवू लागला. मामांनी यंत्र वर धरलं. “दोनशे तीसवरून, चौदा, झटके बावीस. पट्टी दोनशे सत्तर. कोन चाळीस. दोन तृतीयांश धरा, म्हणजे आडवा भाग नऊ ते पंधरा.” पंधरा म्हणताना त्यांचा आवाज थोडा बारीक झाला.

पूर्वेकडून पांढरा ठिपका मोठा होत आला. नाक डावीकडे वळलेलं. “अगं बाई, तिरकीच येतेय!” मामींनी दशम्यांचा डबा छातीशी धरला. आजीने डोळे मिटले. मामा सांगू लागले, खेकडा आहे, असंच यायचं असतं, घाबरू नका. पट्टीवर आल्यावर नाक सरळ झालं, डावा पंख झुकला, चाक टेकतं आहे असं वाटलं आणि धुळीचा एक लोट आला. विमान पतंगाची दोरी ओढावी तसं माणूसभर उंच उसळलं, उजवीकडे सरकलं, इंजिनचा आवाज एकदम चढला, आणि ते आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. न उतरता.

बांधावर स्मशानशांतता. आजीने विचारलं, “उतरायला जागा नाही का दिली तिला?” कोणीतरी म्हणालं, चाकं अडकली असणार. मामींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि मामा? मामा बांधावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. “गो-अराऊंड! शाब्बास! हिला म्हणतात पायलट!” त्यांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि शांत आवाजात समजावलं की आता ती वळणं घेऊन पट्टीला फेरी मारेल, पाच-सात मिनिटांत पुन्हा पूर्वेकडून दिसेल, त्यात काळजीचं काही नाही. तसंच झालं. टपरीवरच्या साऱ्या व्याख्यानांचा त्या पाच-सात मिनिटांत उपयोग झाला, हे मला मान्य करावं लागतं. मामा नसते तर आजीला आम्ही परत आणू शकलो नसतो. दुसऱ्या खेपेला विमान डाव्या चाकावर टेकलं, मग उजवं, मग नाक. मामी म्हणाल्या, “खरंच एका चाकावर!” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मामांचं एवढं एकच विधान मान्य केलं असावं.

दुपारी छोटी सुट्टी घेऊन गाडीत आली. मामांनी विचारलं, “कसं वाटलं उतरवताना?” छोटी हसली. “मामा, दुसऱ्यांदा सरांनी उतरवलं. एवढ्या झटक्यात मला नसतं जमलं. माझा हात नुसता वर होता.” गाडीत सगळे थोडे हिरमुसले. “आणि पहिल्यांदा?” “पहिल्यांदा मी आणत होते. उसळलं तेव्हा मीच ‘गोइंग अराऊंड’ म्हटलं आणि पॉवर दिली. सर काही बोलायच्या आत.” मामांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मग अवघड काम तूच केलंस. उतरवायला काय, कोणीही उतरवतो.” हे वाक्य आयुष्यात एकही विमान न उतरवलेल्या माणसाचं असलं तरी छोटीच्या सरांनीही, ती सांगते, तेच म्हटलं होतं.

निंबोल्यात शिरेपर्यंत दिवस कलला होता. आमच्या घराकडे जाणाऱ्या बोळात समोरून केळीने भरलेला दहा चाकी ट्रक बाहेर येत होता. बोळ एका गाडीचा. आमच्यामागे वीस पावलांवर पिंपळाजवळ मोकळी जागा, बोलेरो तिथे सहज बसली असती. ट्रकच्या मागे थेट कटाई चाललेल्या बागेपर्यंत कुठेही वळायला जागा नव्हती. ट्रकवाल्याने हात दाखवला. मामी म्हणाल्या, “अहो, घ्या ना मागे.” छोटी मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, “मामा, गो-अराऊंड.” मामांनी इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि गळ्यातलं यंत्र खिडकीबाहेर धरून वारा मोजत बसले.

अर्ध्या तासाने ट्रक मागे गेला. केळीसकट, बागेपर्यंत, उलटा.